डब्यात कोण कोण जिवंत आहे?

दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरणारी मंडळी, हात वर करा! म्हणजे तुम्ही आधीपासूनच शेतकरी आहात. भाजीची बाग करायची तर मोठ्या कुंड्या हव्यात, विकतची माती हवी, नर्सरीतली रोपं हवीत असं कुणी सांगितलं, तर त्याला सरळ किल्ल्याकडे बोट दाखवा. किल्ल्याला काय लागलं होतं? अंगणातली माती, एक जुनं पोतं, थोडे दगड आणि वाण्याकडून आणलेलं मूठभर हळीव. तेवढ्यावर चार-पाच दिवसांत गडाभोवती हिरवंगार रान उभं राहिलं.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? किल्ल्याचा उतार इतका उभा, वरून आपण पाणी शिंपडतो, तरी हळिवाचे दाणे घसरून पायथ्याशी का जमा होत नाहीत? उत्तर हवं असेल तर वाटीत चमचाभर हळीव घ्या, त्यावर पाणी ओता आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत, पारदर्शक थर तयार झालेला दिसेल. हळिवाच्या सालात एक खास पदार्थ असतो. तो पाणी शोषून फुगतो आणि दाण्याला मातीशी घट्ट चिकटवतो. शिवाय पाणी धरूनही ठेवतो, म्हणजे ऊन पडलं तरी दाणा लगेच सुकत नाही. उतारावर पेरायला याहून सोयीचं बी शोधून सापडायचं नाही!

आणि हे हळीव चक्क भाजी आहे. किल्ल्यावरचं खायला जाऊ नका, तिथे फटाक्यांची दारू पडलेली असते. एका ताटलीत ओलं सुती फडकं पसरून त्यावर वेगळं पेरा. बोटभर उंच झालं की कात्रीने कापा, धुवा आणि कोशिंबिरीत घाला. चावल्यावर जीभ चुरचुरते. मोहरी, मुळा, कोबी आणि हळीव हे सगळे एकाच कुळातले, म्हणून तिखटपणा सगळ्यांच्या अंगात. गंमत म्हणजे अख्ख्या पानात तो तिखटपणा नसतोच. पानात दोन पदार्थ वेगवेगळे साठवलेले असतात. पान चावलं गेलं की ते एकमेकांत मिसळतात आणि तेव्हा कुठे झणझणीत रसायन तयार होतं. हे हत्यार अर्थातच पानं कुरतडणाऱ्या किड्यांसाठी आहे. आपण मात्र ते आवडीने खातो.

तुमच्या घरात घट बसत असतील, तर वर्षातून आणखी एकदा शेती होते. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य उगवतं, पण त्याचा रंग हिरवा नसतो, पिवळा असतो. उंचीही भलतीच. असं का? देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात उजेड कमी. पानातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्याला उजेड लागतो. तो मिळाला नाही, तर रोप रंगावर शक्ती घालवत नाही. सगळी ताकद लावून उंच होत राहतं, की कुठेतरी वर उजेड असेल! हेच पिवळं रोप खिडकीत ठेवलं तर हळूहळू हिरवं होऊ लागतं. बाग कुठे लावायची याचं उत्तरही इथेच मिळालं: जिथे रोज तीन-चार तास ऊन येतं तिथे पालेभाजी, आणि सहा तास येत असेल तर टोमॅटो-मिरचीसुद्धा. जागा छोटी असली तरी चालेल, अंधारी नको.

आता खरी मजा. स्वयंपाकघरात चला. डबे खाली काढायला घरातल्यांची परवानगी घ्या आणि प्रत्येक डब्यातले दहा-दहा दाणे मागून घ्या. मेथी, धने, मोहरी, तीळ, मूग, मटकी, चवळी, अख्खा मसूर, हरभरा, गहू, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, कच्चे शेंगदाणे, भाजलेले शेंगदाणे, साबुदाणा. रात्रभर भिजवा, मग ओल्या फडक्यावर वेगवेगळे मांडा आणि शेजारी नावाच्या चिठ्ठ्या ठेवा. फडकं ओलं राहू द्या, पण पाण्यात बुडवू नका. आणि आधीच वहीत लिहून ठेवा, यातलं कोण जिवंत आहे आणि कोण नाही? मोठ्यांनाही विचारा. त्यांचेही बरेच अंदाज चुकतील.

मूग आणि मटकी पहिल्या दिवशीच मोड काढतील, ते तुम्हाला माहीतच आहे. मेथी-मोहरीही दोन-तीन दिवसांत जागी होतात. तूरडाळ मात्र नुसती फुगते. तुरीच्या दाण्यात रोप होतं, पण डाळ करताना दाणा दुभंगला, साल गेलं आणि मधलं इवलंसं रोपही मोडलं. ते रोप दिसतं तरी कसं? भिजलेला कच्चा शेंगदाणा अलगद उघडा. टोकाशी एक बारीकसं नाक दिसेल. शेंगदाणे खाताना ते नेहमी जिभेला लागतं. भिंग असेल तर भिंगातून बघा. खाली मूळ आणि वर दुमडलेली चिमुकली पानं! बाजूचे दोन मोठे अर्धे भाग ही त्याची शिदोरी. पहिली खरी पानं फुटून स्वतःचं अन्न स्वतः करता येईपर्यंत रोप याच शिदोरीवर जगतं.

तांदळाचा दाणाही नीट बघा. एका टोकाला कोपरा तुटल्यासारखी खाच दिसते ना? रोप तिथेच होतं. गिरणीत तांदूळ पांढरा करताना ते निघून गेलं. भाजलेला शेंगदाणा दिसायला अख्खा, पण उष्णतेने आतला जीव गेलेला. आणि साबुदाणा? तो तर बीच नव्हे. कंदातल्या पिठापासून कारखान्यात बनवलेल्या त्या गोळ्या. कितीही भिजवल्या तरी त्यातून खिचडीच होणार.

एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. खसखस पेरायची नाही. खसखशीच्या झाडापासूनच अफू मिळते, म्हणून सरकारच्या परवान्याशिवाय ते लावणं आपल्या देशात गुन्हा आहे. डब्यातली खसखस लाडवाच्या कामाची, बागेच्या नव्हे.

दहापैकी किती दाणे उगवले ते मोजलंत? ही नुसती गंमत नाही. सोयाबीन पेरायच्या आधी आपल्याकडचे शेतकरी ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून हेच करतात. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. तुमची मेथी दहापैकी आठ उगवली, तर वाण्याकडची मेथी बियाणं म्हणून अगदी चालेल. पाकीटबंद बियाण्याचे पैसे वाचले!

पण डब्यात महिनोन् महिने पडून राहिलेला दाणा जिवंत असतो म्हणजे नेमकं काय? सुक्या दाण्यात पाणी जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असतं. एवढ्या कमी पाण्यात आतली सगळी कामं जवळजवळ थांबलेली असतात, आणि पाणी मिळालं की ती पुन्हा सुरू होतात. पिठाची साखर होऊ लागते, म्हणून गव्हाला मोड आले की तो किंचित गोड लागतो. काही बिया तर थक्क करतील इतकी वाट बघतात. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली २० बाटल्यांत ओल्या वाळूत मिसळलेल्या बिया भरल्या आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. बिया किती वर्षं जिवंत राहतात ते त्याला बघायचं होतं. तो गेला, पण प्रयोग अजून चालू आहे! ठरलेल्या वर्षी शास्त्रज्ञ अंधारात जाऊन एक बाटली उकरतात, कारण उजेड लागला तर बिया आधीच जाग्या होतील. २०२१ मध्ये उघडलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या. पुढची बाटली २०४० मध्ये निघेल आणि शेवटची २१०० मध्ये. २०४० मध्ये तुम्ही किती वर्षांचे असाल, करा हिशोब.

आता आपण बागेची सुरुवात मेथीपासून करू. मेथी स्वस्त, मेथी घाईची, आणि मेथी अंतराळातही जाऊन आली आहे! जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मेथी आणि मूग उगवले. धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि आयआयटी धारवाड इथल्या शास्त्रज्ञांनी तो प्रयोग आखला होता. एवढ्या लांब जाऊन मेथी कशाला उगवायची? कारण तिथे 'खाली' नसतं. आपण बी उलटं पेरलं, आडवं पेरलं, तरी मूळ खालीच जातं. मुळाच्या टोकाशी काही पेशींमध्ये पिठाचे जड कण असतात. ते पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खालची दिशा कळते. स्थानकावर ते कण तळाशी बसतच नाहीत. मग तिथलं मूळ कुठे वळतं, रोप कसं वाढतं, हे आधी कळायला हवं, तर पुढे लांबच्या अंतराळ प्रवासात ताजी भाजी पिकवता येईल.

पृथ्वीवर हा खेळ तुम्हीही करू शकता. काचेच्या पेल्यात ओला कागद गुंडाळून बसवा आणि काच व कागद यांच्यामध्ये चवळीचे दाणे अडकवा. मूळ इंचभर खाली आलं की पेला आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळाने वळण घेतलेलं दिसेल.

बागेसाठी भांडं काय घ्यायचं? दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, फुटकी बादली, तेलाचा रिकामा कॅन, नारळाची करवंटी, शहाळं, काहीही चालेल. फक्त रंगाचे किंवा औषधांचे डबे नकोत. मेथीला वीतभर खोल मातीसुद्धा जास्त होते, टोमॅटोला मात्र फूटभर हवी. भांड्याच्या तळाला तीन-चार भोकं पाहिजेतच, आणि ती मोठ्या माणसाकडून पाडून घ्या. भोकांचं एवढं महत्त्व कशाला? मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते आणि मुळं तिथून ऑक्सिजन घेतात. पाणी तुंबलं की फटी पाण्याने भरतात आणि मुळं गुदमरतात. घरातली बहुतेक रोपं तहानेने मरत नाहीत, अति लाडाने मरतात. म्हणून पाणी घालण्याआधी बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत खुपसायचं. ओल लागली तर आज पाणी नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी जरूर वापरा, साबणाचं किंवा मिठाचं नको.

मातीसाठी मला तुम्हाला एक प्रयोग सांगायचाच आहे. काचेच्या बाटलीत अर्धी माती, वर पाणी, झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात रेती तळाशी बसते. मग तासाभरात मधला गाळ. सगळ्यात बारीक चिकणमाती तर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. देशावरची काळी माती या बाटलीत टाकलीत, तर चिकणमातीचा थर जाड दिसेल. ही माती पाणी धरते, फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कुंडीत ती एकटी भरली, तर दगड होऊन बसते. तिच्यात थोडी वाळू आणि भरपूर सुका पाला चुरून मिसळा. कोकणातल्या तांबड्या मातीतून पाणी भराभर निघून जातं, तिला पाला आणि नारळाच्या शेंड्यांचा भुसा द्या. माती नसेलच, तर कुणाच्या तरी गॅलरीत वाळून गेलेल्या झाडाची कुंडी असते. ती माती मागा. उन्हात पसरा, ढेकळं फोडा, कामाला लावा.

खत तर तुम्ही रोज कचऱ्यात टाकता. भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत सुक्या पाल्याचा जाड थर, त्यावर भाज्यांची देठं-सालं आणि धुतलेली चहापत्ती, पुन्हा पाला, असं भरत जा. ओल्याच्या दुप्पट सुकं, हे प्रमाण लक्षात ठेवा. शिजलेलं किंवा तेलकट अन्न नको, नाहीतर उंदीर येतील. आठवड्याने मधोमध हात घालून बघा, बादली कोमट लागेल! आत कोट्यवधी जिवाणू जेवत असतात आणि ती त्यांच्या कामाची ऊब असते. वास आला तर समजायचं, ओलं जास्त झालं. मूठभर सुका पाला घाला. दोन-तीन महिन्यांत काळंभोर, मातीचा वास येणारं खत तयार. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर भाज्या पिकवल्या, त्या उसाच्या चिपाडांचा वापर करून. रसवंतीवाले ती चिपाडं टाकूनच देतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवरही तिथल्याच कचऱ्याच्या खतावर फळझाडं आणि भाज्या वाढवल्या गेल्या. खाली जेवण, वर बाग.

तर भांडं भरलं, माती ओली केली. रात्रभर भिजवलेली मेथी बोटाच्या अंतराने पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा आणि हाताने हलकं दाबा. चिमण्या दाणे टिपतात, म्हणून अंकुर येईपर्यंत वर जुनी जाळी किंवा ओलं फडकं ठेवा. अंकुर दिसले की फडकं लगेच काढा. का? घटाचं पिवळं धान्य आठवा.

किती दिवस थांबायचं हे तुमच्या भुकेवर आहे. मुंबईच्या बाजारात समुद्र मेथी मिळते. किनाऱ्याजवळच्या वाळूत वाढवलेली, बोटाएवढी, मुळांसकट छोट्या जुड्या बांधलेली. वाळूत कसलं आलंय खत? पण एवढ्या लहान रोपाला फार लागतच नाही, बराचसा खर्च दाण्यातल्या साठ्यातूनच भागतो. तुम्हीही बारा-पंधरा दिवसांत तशी मेथी काढू शकता. मोठ्या पानांची हवी तर महिनाभर थांबा आणि उपटण्याऐवजी वरचे शेंडे खुडा. खालच्या पेरांतून पुन्हा फुटवे येतात.

शेवटी एखादं रोप मुळासकट हलकेच उपटून धुवा. मेथी, चवळी, मूग यांच्या मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर तुमचं नशीब जोरावर. त्या गाठींत जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडांना तो तसाच वापरता येत नाही. हे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला चालेल अशा रूपात देतात आणि बदल्यात झाड त्यांना साखर देतं. चवळीची मोठी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर गाठ कामावर आहे. तो रंग ज्या पदार्थाचा, तो आपल्या रक्तातल्या लाल पदार्थाचा नातेवाईक! वनस्पतीच्या मुळात रक्ताचा भाऊबंद, मला तरी याहून मोठी जादू माहीत नाही. चवळीच्या शेंगा खाऊन झाल्या की रोप उपटून फेकू नका, तिथेच मातीत गाडा.

धने पेरणारे मात्र बरेचदा हताश होतात. आठवडा झाला तरी काहीच नाही! धना दिसतो एक, पण त्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकं दाबून त्याचे दोन भाग करा, पीठ करू नका, मग भिजवून पेरा आणि आठ-दहा दिवस किंवा त्याहून थोडं जास्तही थांबा. थंडीत पेरलेली कोथिंबीर मस्त पसरते. कडक उन्हाळ्यात तिला घाई होते आणि ती पानं कमी, फुलं लवकर असा कारभार करते.

काही भाज्यांना तर बीही लागत नाही. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की पेरांतून मुळं फुटतात. मायाळूची काडीही तशीच लागते, आणि तिच्या पानांची भजी काय लागते म्हणून सांगू! लसणाची पाकळी टोक वर करून खोचा, पात तयार.

टोमॅटोसाठी पिकलेल्या टोमॅटोतली एक फोड पुरे. बियांभोवती बुळबुळीत आवरण असतं, पण ते हळिवापेक्षा उलटं काम करतं. त्यातले पदार्थ बी उगवू देत नाहीत. नाहीतर ओल्या फळातच रोपं उगवली असती. वाटीत थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बिया आंबू द्या, मग चोळून धुवा आणि कागदावर सुकवा. मिरचीच्या बिया सुक्या लाल मिरचीतून काढा, पण तो हात डोळ्याला लावू नका. मिरची आणि टोमॅटो दोघंही मूळचे अमेरिका खंडांतले. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली.

बाजारातला टोमॅटो बहुतेक वेळा संकरित असतो. म्हणून त्याच्या सहा बिया लावल्या, तर सहा रोपांची फळं वेगवेगळी येऊ शकतात. एक गोल, एक लांबट, एक आंबट. हे बघणं मला फार आवडतं. सगळ्यात चवदार फळ ज्या रोपाचं, त्यातलं एक फळ न खाता बियांसाठी राखा. हजारो वर्षं शेतकऱ्यांनी असंच निवडत निवडत आपल्या भाज्या घडवल्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे आणि इतर पिकांचे गावरान वाण असेच जपले, वाटले, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता म्हणूनच महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

तुमच्या मेथीचंही एखादं रोप न खुडता सोडा. पांढरट-पिवळी फुलं येतील, मग तलवारीच्या आकाराच्या लांब शेंगा. एका शेंगेत दहा ते वीस दाणे मिळतात. शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्या, दाणे सावलीत आणखी चार दिवस सुकवा, कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर नाव, तारीख आणि कोणत्या रोपाचे ते लिहा. ओल लागली तर बुरशी येईल, म्हणून पुडी झाकणाच्या बरणीत ठेवा आणि सोबत थोडी सुकी राख टाका. तुमच्या वर्गात कुणाकडे वाल असेल, कुणाकडे आजोळची गावरान भेंडी. पुढच्या पावसाळ्याच्या आधी पुड्यांची अदलाबदल करा.